दहा गुंठे बटाटे

इतिहासकाराची दृष्टि राजवाड्याच्या महाद्वारांतून आंत जाते, रणांगणावर फिरते, फार तर बाजारपेठेंत घटकाभर विसांवते. घरामागच्या परसांत मात्र ती सहसा उतरत नाहीं. परसांत पाहण्यासारखें असतें तरी काय? चार अळवाचीं पानें, एखादा दुधी भोपळ्याचा वेल, मिरच्यांचा वाफा. तेथें तह होत नाहींत, कीं राज्यें उलथत नाहींत. तथापि एकोणिसाव्या शतकांत यूरोपांतील एका राष्ट्राचें दैव अशा परसांतच ठरलें. इतकेंच काय, त्या परसाचें क्षेत्रफळ पार्लमेंटला कायद्यांत लिहून द्यावें लागलें. १८४७ सालीं ब्रिटिश पार्लमेंटनें असा निर्बंध केला कीं, आयर्लंडांत ज्या मनुष्याच्या ताब्यांत पाव एकराहून अधिक जमीन असेल त्याला, तो उपाशी मरत असला तरी, सार्वजनिक निधीतून मदत मिळूं नये. पाव एकर म्हणजे आपल्याकडील बरोबर दहा गुंठे. त्या गुंठ्यांत बटाटे होते; किंवा अधिक खरें बोलावयाचें तर, एके काळीं होते. ते कसे लावीत, कसे काढीत, आणि ते नाहींसे झाल्यावर त्या कुटुंबांवर कोणती निवड करण्याची पाळी आली, हें वाचकांपुढें मांडावें असा आमचा विचार आहे.

बटाटा आयर्लंडचा मूळ रहिवासी नव्हे, तसा तो आपलाहि नव्हे. दक्षिण अमेरिकेंतील अँडीज पर्वताच्या उंच पठारांवर हजारों वर्षें त्याची लागवड होत आली होती. सोळाव्या शतकांत स्पॅनिश लोकांनीं तो यूरोपांत आणला, आणि त्याचें नांव पोर्तुगीजांच्या द्वारें आपल्या भाषेंत उतरलें. गमतीची गोष्ट अशी कीं, तें नांवहि त्याचें स्वतःचें नव्हे. कॅरिबियन बेटांतील लोक ज्याला त्या नांवानें ओळखत तें रताळें. हिंदीभाषी प्रांतांनीं नव्या कंदाला ‘आलू’ या आपल्या जुन्या शब्दांत बसवून घेतलें. आम्हां मराठी लोकांनीं तर परक्या नांवासकट त्याला उपवासाच्या ताटांत मानाची जागा दिली! ज्याचा उल्लेख कोणत्याहि स्मृतिग्रंथांत असणें शक्य नाहीं तो कंद एकादशीस चालतो, आणि गहूं चालत नाहीं. रूढि वाटते तितकी हट्टी नसते, हें यावरून दिसेल. असो.

आयर्लंडांत बटाटा प्रथम कोणीं आणला असें विचारलें तर सर वॉल्टर रॅले याचें नांव घेण्याचा प्रघात आहे. यॉल गांवीं आपल्या बागेंत त्यानें पहिले बटाटे लावले, अशी कथा सांगतात. कथेस भक्कम पुरावा नाहीं. पण पहिला बटाटा शेतांत न लागतां बागेंत लागला, एवढा तिचा भाग आम्ही खुशाल खरा धरतों. सतराव्या शतकांत तो ओट, दूध आणि लोणी यांच्या जोडीला, हिवाळ्याचा आधार म्हणून, घराजवळच्या तुकड्यांत वाढत होता. त्याला गिरणी लागत नाहीं, भट्टी लागत नाहीं, बैलजोडी लागत नाहीं. एक फावडें, एक भांडें आणि चूल असली कीं काम भागतें. शिवाय धान्य उभें असतें. तें सैनिकाला दिसतें, जाळतां येतें, जमीनदाराच्या कारकुनाला मोजतां येतें. कंद जमिनीच्या पोटांत असतो. ज्या देशानें १६४९ नंतर क्रॉमवेलच्या फौजा पाहिल्या त्या देशाला हा गुण लहान वाटला नसेल. पुढें लोकसंख्या वाढली, जमिनीचे तुकड्यांवर तुकडे पडले, खंड भागविण्यासाठीं ओट विकावे लागले, लोणी विकावें लागलें, आणि जोडीला आलेला बटाटा ताटांत एकटाच राहिला. अठराव्या शतकाच्या अखेरीस गरिबाच्या घरीं हें स्थित्यंतर पुरें झालें होतें.

आतां ही बाग पाहूं. इंग्रज प्रवासी तिला ‘लेझी बेड’ म्हणत. लेझी बेड म्हणजे आळशी वाफा. हें नांव पुढें फार महागांत पडलें, म्हणून वाफ्याची रचना जरा सावकाश समजून घेणें अवश्य आहे.

पश्चिम आयर्लंडांतील जमीन बहुधा पाणथळ, वर गवताचा दाट थर, खालीं काळी दलदलीची किंवा खडकाळ माती, आणि आकाश बारमाही गळणारें. तेथें नांगर चालविणें म्हणजे चिखल ढवळणें. म्हणून शेतकरी जमीन न नांगरतां तिच्यावर तीन-चार हात रुंदीचे लांबच लांब पट्टे आंखी. दोन पट्ट्यांच्या मध्यें दीड-दोन हात जागा मोकळी सोडी. पट्ट्यावरचें गवत तसेंच ठेवून त्यावर तो शेणखत पसरी. समुद्रकांठीं असला तर ओहोटीच्या वेळीं गोळा केलेलें समुद्रशेवाळ टोपल्यांतून पाठीवर वाहून आणून घाली. त्यावर बेण्याचे तुकडे मांडावयाचे. बेणें कापण्याचें काम बहुधा बायकांचें. प्रत्येक तुकड्यास निदान एक डोळा असला पाहिजे, आणि कोंब तगून धरील इतका गर त्याच्या मागें असला पाहिजे. अधिक गर ठेवला तर तेवढेंच घरांतील अन्न मातींत गेलें, आणि कमी ठेवला तर कोंबच उपाशी राहिला. ही काटकसर पिढ्यान्‌पिढ्या बोटांत मुरलेली होती. मग मधल्या मोकळ्या जागेंतील गवताचा थर मुळांसकट कापून तो पट्ट्यावर असा पालथा घालावयाचा कीं, गवतास गवत लागावें. या कामासाठीं ‘लॉय’ नांवाचें एक खास फावडें असे: लांब लांकडी दांडा, अरुंद लोखंडी पातें, आणि एकाच बाजूस पाय देण्याची जागा. गवताचा थर उलटला कीं मधल्या सरींतील माती काढून वरंब्यावर चढवावयाची.

आपल्याकडील ऊंस किंवा बटाटा लावणाऱ्या शेतकऱ्यास सरी-वरंबा नवा नाहीं. पण येथें सरी पाणी देण्यासाठीं नसून पाणी घालविण्यासाठीं असे. उलटलेलें गवत आंतल्या आंत कुजून खत होई, वरंबा उंच असल्यामुळें कोरडा व किंचित् उबदार राही, आणि सरी खोल गेल्यामुळें खालचा कठीण थर फुटून पाण्यास वाट मिळे. ज्या उतारावर मेंढीनेंहि तोंड फिरवावें अशा ठिकाणीं हे लोक बटाटा काढीत. पुढें शेतकीशास्त्राच्या अभ्यासकांनीं या पद्धतीची तारीफ केली आहे. त्या तारिफेचा मूळ शेतकऱ्यांस कांहीं उपयोग झाला नाहीं, हें सांगावयास नकोच.

लागवड सतराव्या मार्चच्या, म्हणजे सेंट पॅट्रिकच्या सणाच्या सुमारास सुरू होऊन मे महिन्यापर्यंत चाले. कोंब वर आले कीं सरींतील माती पुन्हां त्यांवर चढवावयाची. ही भर दिली नाहीं तर कंद उघडे पडून उन्हानें हिरवे होतात, आणि हिरवा बटाटा विषारी. हें घरीं बटाटा लावणाऱ्या कोणाहि गृहिणीस ठाऊक आहे. जुलैच्या अखेरच्या रविवारी किंवा ऑगस्टच्या आरंभीं पहिला नवा बटाटा काढावयाचा. तो दिवस सणाचा. मुख्य काढणी ऑक्टोबरांत. पुरुष वरंब्याच्या कडेनें फावडें घालून माती उलथी, मुलें मागून वेंचीत जात. मोठे कंद खाण्याचे, मधले बेण्याचे, अगदीं लहान व कापलेले डुकराचे. साठवणीसाठीं कोठार नव्हतें. शेतांतच उथळ खड्डा करून, ढीग रचून, त्यावर पेंढा व माती लिंपून पेंव करीत. त्या पेंवांत वर्षाचे नऊ-दहा महिने सुरक्षित असत. मे-जूनमध्यें मात्र कंदांना कोंब फुटून ते संपत, आणि नवे येईपर्यंत घरांत कांहीं नसे. या दिवसांना ‘भुकेचा जुलै’ असें नांव होतें. तेव्हां गांवच्या सावकाराकडून ओटाचें पीठ उधार आणावयाचें, नाहीं तर रानचा पाला उकडून खावयाचा. सावकाराला त्यांच्या बोलींत निराळा शब्द आहे, पण त्याचे गुण आपल्या ओळखीचेच होते.

सुगीच्या दिवसांत हीं माणसें काय खात असत? प्रौढ पुरुष रोज बारा ते चौदा पौंड, म्हणजे सुमारें सहा किलो बटाटे खाई. आंकडा ऐकून हसूं येईल. पण त्याबरोबर दुसरें अन्न नव्हतें हें ध्यानांत घेतलें म्हणजे हसूं ओसरतें. बरोबर मिळालें तर ताक. बटाटा आणि ताक मिळून शरीराला लागणारीं बहुतेक सत्त्वें मिळतात, असें आजचें आहारशास्त्रहि सांगतें. ॲडम स्मिथनें १७७६ सालीं प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथांत लंडनचे पालखीवाले, हमाल व कोळसा वाहणारे मजूर यांच्या बळकटीचें श्रेय याच कंदाला दिलें आहे. त्यांतील बहुतेक आयरिश होते. आर्थर यंग हा इंग्रज शेतकी-लेखक त्याच सुमारास आयर्लंडांत हिंडला. बटाट्यांचें भांडें जमिनीवर ठेवून त्याभोंवतीं सगळें कुटुंब बसलें आहे, दारीं आलेला भिकारी त्यांतच हात घालतो आहे, कोंबड्या व डुक्करहि आपला वांटा उचलीत आहेत, असें चित्र त्यानें काढलें आहे. त्याला त्यांत दारिद्र्य दिसलें, तसें पोटभर अन्नहि दिसलें. याच काळांत इंग्लंडांतील शेतमजूर मोजून पाव खात होता.

डुकराविषयीं एक शब्द सांगितला पाहिजे. तें घरांत वाढे, बटाट्याच्या सालींवर पोसे, आणि वर्षाअखेरीस विकलें जाई. त्याचा पैसा थेट खंडांत जाई. ‘खंड भरणारे गृहस्थ’ असें त्याला थट्टेनें म्हणत. त्याच्या उकिरड्याचें खत पुन्हां वाफ्यांत. १८४५ च्या फेब्रुवारींत लॉर्ड डेव्हन यांच्या कमिशननें जो अहवाल दिला त्यांत स्पष्ट लिहिलें आहे कीं, अनेक भागांत मजुराचें अन्न केवळ बटाटा, पेय केवळ पाणी, आणि सगळी मालमत्ता म्हणजे एक डुक्कर व एक उकिरडा.

ही मालमत्ता एवढीच कां होती? येथें वाफ्याकडून जमिनीच्या मालकीकडे वळावें लागतें. कोंकणांतील खोत आणि कूळ यांच्या गोष्टी ज्यांच्या घराण्यांत ऐकिवांत आहेत त्यांना फार समजावून सांगण्याची आवश्यकता नाहीं. जमीन थोड्या जमीनदारांची; त्यांतील कित्येक इंग्लंडांत राहणारे; त्यांच्या खालीं मध्यस्थ, मध्यस्थांच्या खालीं पोटकुळें, आणि सर्वांच्या तळाशीं मजूर. या मजुराला मजुरी पैशांत क्वचितच मिळे. त्याला मिळे एक झोंपडी व बटाट्यापुरता तुकडा, आणि त्याचा खंड तो मालकाच्या शेतांत राबून फेडी. ज्याला तेवढेंहि नसे तो एका पिकापुरता तुकडा भारी दरानें घेई. त्याला ‘कोनेकर’ म्हणत. पडीक जमीन वाफे घालून सुधारली कीं तिचा खंड वाढे. सुधारणेची भरपाई कायद्यानें मिळत नसे. तेव्हां शहाणा शेतकरी घर नीटनेटकें ठेवण्यास भीत असे, असें जें लिहून ठेवलें आहे त्यांत नवल नाहीं.

अशा मनुष्याला आळशी म्हणण्याचा मान सर चार्ल्स ट्रेव्हेल्यन यांनीं घेतला. हे गृहस्थ दुष्काळाच्या काळांत लंडनच्या ट्रेझरींत साहाय्यक चिटणीस होते, आणि मदतीच्या पैशाची किल्ली त्यांच्या हातीं होती. १८४८ सालीं त्यांनीं या दुष्काळावर जें पुस्तक लिहिलें त्यांत हिशेब मांडला आहे: लावणीस एक पंधरवडा, काढणीस आठ-दहा दिवस, जळणाचें ढेंकूळ कापण्यास आणखी एक पंधरवडा, आणि उरलेलें वर्ष आयरिश मजूर मोकळा! या हिशेबांत शेवाळाच्या टोपल्या नाहींत, मालकाच्या शेतांतील खंडाचे दिवस नाहींत, आणि उन्हाळ्यांत बायकामुलांना मागें ठेवून इंग्लंड-स्कॉटलंडच्या सुगीला पायीं जाणाऱ्या हजारों मजुरांचे कोसहि नाहींत. आम्हांला वाटतें, नांवानें येथें डोळ्यांवर पडदा टाकला. ‘आळशी वाफा’ म्हटलें कीं पुढें पाहण्याची गरज उरत नाहीं.

वाफ्यांत एक दोष खरोखर होता. पण तो टीकाकारांनीं दाखविलेला नव्हे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं स्कॉटलंडकडून ‘लंपर’ नांवाची जात आली. चवीला पाणचट, दिसायला वेडीवांकडी, पण हलक्या जमिनींत, थोड्या खतावर, भरघोस येणारी. ज्याच्याकडे चांगल्या जातीला लागणारें खत नाहीं व जमीनहि नाहीं त्यानें लंपर लावावा हें क्रमप्राप्तच होतें. पश्चिमेकडील गरीब भागांत तो सर्वत्र पसरला. बटाटा बियांपासून लावीत नाहींत, कंदाचे तुकडे लावतात. म्हणून एका जातीचें प्रत्येक झाड हें वस्तुतः एकच झाड असतें. जो रोग एकाला मारतो तो सर्वांना मारतो. जवळजवळ तीस लाख माणसें सर्वस्वीं बटाट्यावर जगत होतीं, आणि त्यांतील बहुतेकांच्या परसांत एकच झाड लाखों वेळां लावलेलें होतें.

१८४५ च्या उन्हाळ्यांत बेल्जमांत पानांवर काळे डाग दिसूं लागले. ऑगस्टांत ते इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर आणि डब्लिनच्या वनस्पतिउद्यानांत दिसले. ‘गार्डनर्स क्रॉनिकल’ या बागाईतदारांच्या साप्ताहिकानें, त्याचे संपादक वनस्पतिशास्त्रज्ञ जॉन लिंड्ली होते, १३ सप्टेंबरच्या अंकांत छापखाना थांबवून आयर्लंडांत रोग आल्याची बातमी घातली. ज्याला आपले शेतकरी आज करपा म्हणतात तोच हा रोग. दमट, ढगाळ, किंचित् उबदार हवा मिळाली कीं पानांच्या खालच्या अंगावर पांढरी लव येते, तिचे कण वाऱ्यापावसाबरोबर मैलोगणती जातात, आठ-पंधरा दिवसांत सबंध मळा काळा पडतो, आणि पावसाबरोबर तेच कण मातींत झिरपून कंदांना गांठतात. पण हें सगळें पुढें कळलें. लिंड्लींचें मत असें कीं, पाऊस फार झाल्यामुळें झाडांना जणूं जलोदर झाला. नॉर्दम्प्टनशायरमधील माइल्स बर्कली नांवाचा एक पाद्री मात्र सूक्ष्मदर्शकांतून पाहून सांगत होता कीं, ही बुरशी रोगाचा परिणाम नसून कारण आहे. फारच थोड्यांनीं त्याचें ऐकिलें. अँटन द बारी या जर्मन शास्त्रज्ञानें १८६१ सालीं तें सिद्ध केलें. आजचें शास्त्र तिला खरी बुरशी मानीत नाहीं, कांहीं शेवाळांच्या कुळाशीं तिचें नातें जोडतें. आणि २०१३ सालीं तर जुन्या संग्रहांत दाबून ठेवलेल्या रोगट पानांवरून त्या वेळच्या जंतूचा नेमका वंशहि ओळखण्यांत आला.

सरकारनें त्या ऑक्टोबरांत लिंड्ली, प्लेफेअर व केन या तीन विद्वानांची समिति नेमली. समितीनें कुळांना सांगितलें कीं, पेंवांत वारा खेळता ठेवा, कंद वाळवून रचा, आणि सडके बटाटे किसून, पाण्यांत धुऊन, त्यांचें सत्त्व काढा. बटाट्याचें सत्त्व काढणें आमच्या वाचक-भगिनींना माहीत आहे. त्याला किसणी लागते, स्वच्छ पाणी लागतें, वाळविण्याला ऊन लागतें. एका खोलीच्या मातीच्या झोंपडींत, आयर्लंडच्या नोव्हेंबरांत, यांतील पाणी तेवढें भरपूर होतें. लोकांनीं सूचना पाळल्या. पेंवें उघडलीं तेव्हां आंत काळा, दुर्गंधी चिखल निघाला.

पहिल्या वर्षीं पिकाचा एक-तृतीयांश ते अर्धा भाग गेला. पंतप्रधान पील यांनीं अमेरिकेंतून एक लाख पौंडांचा मका गुपचूप मागविला, तो दगडासारखा कठीण निघाला, तरी त्या हंगामांत उपासमारीनें फार माणसें मेलीं नाहींत. खरा घाला १८४६ चा. मद्यपानबंदीचे प्रसिद्ध प्रचारक फादर मॅथ्यू हे २७ जुलैला कॉर्कहून डब्लिनला गेले तेव्हां वाटेंत दुतर्फा बटाटा फुलांनीं डवरलेला होता. ३ ऑगस्टला ते परतले तेव्हां सगळीकडे कुजलेली काळी झाडें, आणि आपापल्या बागेच्या कुंपणावर बसून हात चोळीत रडणारीं माणसें त्यांनीं पाहिलीं. मध्यें एकच आठवडा गेला होता. त्या वर्षीं पिकाचा तीन-चतुर्थांशाहून अधिक भाग नष्ट झाला.

पील यांच्या जागीं आलेल्या लॉर्ड जॉन रसेल यांच्या सरकारनें फुकट अन्न देण्याऐवजीं दुष्काळी कामें काढलीं. खडी फोडावयाची, कोठेंहि न जाणारे रस्ते बांधावयाचे. १८४७ च्या मार्चांत सात लाखांवर माणसें या कामांवर होतीं. तो महिना लावणीचा! जो वाफ्यांत असावयाचा तो खडीवर होता. आणि तो वाफ्यांत असता तरी बेणें कोठें होतें? भुकेल्या घरांत बेण्याचा बटाटा कोण राखून ठेवील? परिणाम असा झाला कीं, १८४५ सालीं सुमारें वीस लाख एकरांवर असलेली बटाट्याची लागवड १८४७ सालीं तीन लाख एकरांच्याहि आंत आली. दैवाची थट्टा अशी कीं, त्या वर्षीं रोग जवळजवळ आला नाहीं. जेवढा बटाटा लावला तेवढा उत्तम आला. कामें बंद करून सरकारनें अन्नसत्रें उघडलीं. जुलैंत रोज तीस लाख माणसांना शिजविलेलें अन्न मिळत होतें, आणि हें अन्न मिळत असतां मृत्यूंचें प्रमाण उतरलें. करतां येत होतें, याचा हा पुरावा. शरद् ऋतु येतांच अन्नसत्रें बंद झालीं आणि सगळा भार आयर्लंडच्या स्थानिक दरिद्रकरावर टाकण्यांत आला.

आमच्या दहा गुंठ्यांचें कलम या नव्या कायद्यांतलें. तें सुचविणारा विल्यम ग्रेगरी हा डब्लिनचा प्रतिनिधि व गॉल्वेंतील कूल येथला जमीनदार. (हाच पुढें १८७२ ते १८७७ सिंहलद्वीपाचा गव्हर्नर होता, आणि कवि येट्सच्या सहकारी, ॲबी नाट्यगृहाच्या एक संस्थापिका लेडी ग्रेगरी या त्याच्याच पत्नी. आयरिश वाङ्‌मयाच्या चाहत्यांस कूलचें उद्यान ठाऊक असतें, कूलच्या धन्याचें कलम ठाऊक नसतें.) पाव एकराहून अधिक जमीन ज्याच्याकडे आहे तो निराधार कसला, असा त्याचा युक्तिवाद. यामुळें लहान शेतकरी नष्ट होतील अशी शंका निघाली, तेव्हां असल्या लहान शेतकऱ्यांचा उपयोग तरी काय, अशा आशयाचें त्यानें उत्तर दिलें. कलम ११७ विरुद्ध ७ मतांनीं मंजूर झालें.

आतां त्या कुटुंबाच्या बाजूनें पाहावें. घरांत अन्न नाहीं. परसांत एक एकर आहे, त्यांत बेणें नाहीं. मदत हवी तर पाऊण एकर सोडून द्या. सोडलें तर पुढच्या वर्षीं रोग गेला तरी दहा गुंठ्यांत पांच-सहा तोंडें जगणार नाहींत; न सोडलें तर पुढचें वर्ष येईपर्यंत जगतां येणार नाहीं. त्यांत जमीनदाराचा कारकून म्हणे, जमीन सोडतोस तर घरहि सोड. कारण लहान कुळांचा दरिद्रकर कायद्यानें जमीनदारालाच भरावा लागे. कूळ गेलें कीं कर गेला. घराची किल्ली घेतली कीं लगेच छप्पर उतरवीत, म्हणजे परत येण्याची वाट उरत नसे. किती तरी बाप जमीन न सोडतां मेले. बापानें जमीन सोडली नाहीं तरी बायकोमुलांस मदत देतां येईल, असा अर्थ लावण्यास १८४८ साल उजाडावें लागलें. आणि त्याच वर्षीं रोग पुन्हां जोरानें आला. १८४९ ते १८५४ या सहा वर्षांत पोलिसांच्या नोंदीप्रमाणेंच सुमारें अडीच लाख माणसें कायमचीं बेदखल झालीं. एक एकराच्या आंतील जमिनी १८४५ मध्यें सव्वा लाखाहून अधिक होत्या, त्या १८५१ मध्यें चाळीस हजारांच्याहि खालीं आल्या. १८४१ च्या खानेसुमारींत आयर्लंडची वस्ती ८१ लाख ७५ हजार होती, १८५१ मध्यें ती ६५ लाख ५२ हजार भरली. सुमारें दहा लाख मेले, त्याहून अधिक जहाजांत बसून निघून गेले. सबंध बेटाची लोकसंख्या अजूनहि १८४१ च्या आंकड्यास पोंचलेली नाहीं.

या कथेचा आपल्या देशाशीं संबंध नाहीं असें नाहीं. आयर्लंडच्या मदतीला परदेशांतून आलेली पहिली मोठी रक्कम, सुमारें चौदा हजार पौंड, १८४६ सालीं कलकत्त्यांत जमली; तींत कंपनीच्या नोकरींतील आयरिश सैनिकांचे पैसे होते. आणि ट्रेव्हेल्यन साहेब तर आमचेच. ते कंपनीच्या नोकरींत १८२६ सालीं हिंदुस्थानांत आले होते, मेकॉलेचे मेहुणे होते, आणि दुष्काळानंतर १८५९ सालीं मद्रासचे गव्हर्नर व पुढें हिंदुस्थान सरकारचे अर्थमंत्री झाले. १८७६-७७ सालीं दक्षिणेंत दुष्काळ पडला तेव्हां ते येथें नव्हते, पण त्यांच्या विचाराची माणसें होतीं. मदत हवी तर घरापासून दहा मैलांवरील छावणींत जाऊन राहा, ही त्या वेळची अट, आणि पाव एकराचें कलम, हीं एकाच टांकसाळेंतील नाणीं आहेत: जो घरदार सोडील तोच खरा भुकेला. पुण्याच्या सार्वजनिक सभेनें या अटी व त्या वेळची अपुरी मजुरी यांविरुद्ध जे तपशीलवार अहवाल सरकारकडे धाडले ते आजहि वाचण्यासारखे आहेत.

करप्यावर औषध सांपडलें तें बटाट्यासाठीं नव्हेच. फ्रान्समधील बोर्दो प्रांतांत द्राक्षवेलींवर मोरचूद व चुना यांचें मिश्रण शिंपडीत. त्याचा गुण मिलार्दे या प्राध्यापकानें १८८५ सालीं प्रसिद्ध केला, आणि मग तें बटाट्यासहि लागू पडलें. नाशिकच्या द्राक्षबागांत आणि खेड-आंबेगांवकडील बटाट्याच्या शेतांत ‘बोर्डो’ हा शब्द आतां मराठीच झाला आहे. लंपर मात्र लोकांनीं टाकून दिला.

आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर, मेयो आणि गॉल्वे परगण्यांतील डोंगरउतारांवर, ते आळशी वाफे अद्याप दिसतात. दुपारच्या उन्हांत तेथें नुसता हिरवा उतार असतो. सूर्य खालीं आला कीं सऱ्यांत सावली भरते, आणि डोंगराच्या अंगावर विंचरल्यासारख्या समांतर रेघा उमटतात. कोठें कोठें त्या आजच्या शेतांच्या कुंपणांहून कितीतरी वर, जेथें माती संपून खडक सुरू होतो तेथपर्यंत चढलेल्या आहेत. त्यांवर मेंढ्या चरतात. वरंबे पायानें मोजले तर अजूनहि तीन-चार हात भरतात.